बिनदाराचं घर

प्रिय ठमे,

पत्र बघून घाबरू नकोस, मी बरा आहे. खोकला आहे, तो जुनाच. आधी घोटभर पाणी पी, खाली बस, मग पुढचं वाच. दोनदा फोन लावला होता, तुला आठवत असेल. दोन्ही वेळा 'जेवलीस का' एवढंच विचारून ठेवून दिला. तुझा आवाज ऐकला की मुद्द्याचं तोंडातच राहतं. शिवाय तू बेकरीत असशील, हातात पावाचे गरम पत्रे असतील, आजूबाजूला माणसं असतील, असं काहीबाही मनात येतं. पत्र तुला सवडीनं उघडता येईल. माझी शाळा चौथीतच सुटली, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, तर लावून लावून वाच.

इकडचं सांगतो. शेजारच्या शिंपीणबाईंच्या मांजरीनं आपल्या घरात पिल्लं घातली आहेत, तुझ्या जुन्या पेटीवर. हाकलायचं तरी कसं? घराला दार असेल तर हाकलून लावून घेता येतं. शिंपीणबाई म्हणतात, "काका, तुमच्या घरी फक्त मांजरंच नाहीत, वाराही फुकट राहतो." हसतात, पण रोज भाजी पाठवतात. मी रागावत नाही. भांडी मात्र मोजतो, मांजर काही वाटीचमचे नेणार नाही हे कळत असूनही.

माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. गोदामाच्या फाटकावर जन्म गेला. कुलूप लावायचं, ओढून बघायचं, चार पावलं गेलं की परत येऊन ओढायचं. घरीही तेच. तुझी आई म्हणायची, "हे मेल्यावरसुद्धा उठून येतील, कडी लावली का बघायला." बाजाराला निघालो की अर्ध्या रस्त्यातून मी परत फिरायचो आणि ती पिशवी घेऊन कोपऱ्यावर उभी असायची. ती असती तर हे पत्र तिनंच लिहिलं असतं, आणि चार ओळींत.

तू सासरहून परत आलीस त्या आठवड्यात वाऱ्यानं स्वयंपाकघराचं दार धाडकन लागलं होतं. तू आत होतीस. ते नुसतं लोटलं गेलं होतं, कडी नव्हती लागली, पण तू ते ओढून बघितलंच नाहीस. मी उघडलं तेव्हा तू ओट्याखाली गुडघ्यांत मान घालून बसली होतीस आणि म्हणालीस, "मी आवाज केला नाही." मला वाटलं, माझ्याशी बोलते आहेस. मग कळलं, तू त्याच्याशी बोलत होतीस. तो कामावर जाताना तुला मागच्या खोलीत घालून बाहेरून कडी लावायचा, हे तू मला त्याच दिवशी सांगितलंस. पुन्हा कधी सांगितलं नाहीस, आणि मीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुताराला बोलावलं. स्वयंपाकघराचं काढलं, मग खोलीचं, मग न्हाणीघराचं. तिथं जाड पडदा लावला, आणि तू अंघोळीला गेलीस की मी अंगणात उभा राहून मोठमोठ्यानं खोकायचो, म्हणजे कुणी आत येऊ नये. माझा हा खोकला तेव्हाचाच असावा. शेवटी बाहेरचं दारही काढायला सांगितलं तेव्हा सुतार म्हणाला, "काका, भिंती राहू देऊ ना?" तुझी आत्या तर कपाळावर हात मारून बसली. "अरे, लेकीला समजवून परत पाठवायचं, तर हा घराची धर्मशाळा करतोय! लोक काय म्हणतील?" मी खाट उचलली आणि उंबऱ्याला आडवी टाकली. मी भित्रा माणूस, साधं मांजर उडी मारून गेलं तरी दचकतो. पण त्या खाटेवर मला झोप लागायची, कारण आतून तुझा घोरण्याचा आवाज यायचा. हो, घोरतेस तू. आईवर गेली आहेस.

मग तू बेकरीत लागलीस, परगावी वेगळी खोली घेतलीस. आत्या म्हणाली, "एकटी बाई राहते का कुठं?" मलाही धडकी भरली होती, खोटं कशाला सांगू. जिना कसा असेल, घरमालक कसा असेल. तुझ्या खोलीला दार आहे का, हे मात्र विचारायची हिंमत झाली नाही. आणि मागच्या महिन्यात फोनवर बोलता बोलता तू म्हणालीस, "थांब हं बाबा, कडी लावून येते." किती सहज म्हणालीस! मला कडीचा आवाज ऐकू आला. मग तू "हॅलो, हॅलो" करत राहिलीस, तुला वाटलं फोन कट झाला. फोन चालू होता गं. मलाच बोलता येत नव्हतं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते लिहितो. तो गेला. सोमवारी रस्त्यातच कोसळला म्हणतात. त्याचा थोरला भाऊ आणि मामा आले होते. दार नाही म्हणून बाहेरच घुटमळत उभे राहिले. म्हणाले, सोडचिठ्ठीचे कागद झालेले नाहीत, अजून ती आमचीच सून, चार दिवस येऊन बसू दे, चारचौघांत रडू दे, घराची अब्रू राहील. मी खाटेचा कठडा धरून म्हणालो, "ती येणार नाही." मामा म्हणाला, "तिला विचारलंत का?" ते गेले, पण ते वाक्य घरात राहिलं. खरंच, मी तुला विचारलं नाही. तुझ्या वतीनं मीच दार लावून टाकलं. म्हणून हे लिहितो आहे. तुला जायचं असेल तर जा, मी सोबत येईन. नसेल जायचं तर कुणाला कारण देऊ नकोस, मलासुद्धा. काल वाटलं, आता खाट आत न्यायला हरकत नाही. नेली, आणि थोड्या वेळानं परत उंबऱ्यावर आणून टाकली. दारं मागच्या भिंतीला टेकवून झाकून ठेवली आहेत, बिजागऱ्यांना तेल देतो अधूनमधून. बसवायची की नाही ते तू आलीस की सांग, घाई नाही. तुला रडू येईल की नाही, मला कळत नाही. मला स्वतःला काय झालंय तेही कळत नाही. आलं तर रड, नाही आलं तर कामावर जा. हे वाचून छातीत धडधडलं तर उठून दारापाशी जा आणि हात लावून बघ. कडी आतल्या बाजूला आहे.

तुझाच,
उंबऱ्यावरचा बाबा