तिसऱ्या पाठापासून पुढे

प्रिय सूनबाई,

तुझ्या पत्राच्या मसुद्यात शुद्धलेखनाची एकही चूक नाही. चूक आहे ती मजकुरात. अभ्याससाहित्य केंद्राला तू कळवतेस की, नववीच्या पर्यावरणशास्त्राचा पाठसंच तुझ्या नवऱ्याने, म्हणजे माझ्या मुलाने, लिहून पूर्ण केला होता. त्याच्या पश्चात तू तो केवळ स्वच्छ अक्षरात उतरवून काढलास. सबब, संचाच्या लेखिकेला देऊ केलेली केंद्रातली जागा तुला स्वीकारता येत नाही. ही हकिगत खरी नाही. या घरातून बाहेर जाणारा प्रत्येक कागद आधी माझ्या मेजावर येतो, हा माझाच दंडक. त्यामुळे हा मसुदाही आला, आणि तो जसाच्या तसा टपालात टाकणे मला शक्य नाही.

एकाच छपराखाली राहून हा म्हातारा पत्र लिहितो, याचे तुला हसू येईल. पण मी हा विषय काढला की तुला चुलीवरचे दूध आठवते. कागद उठून स्वयंपाकघरात जात नाही.

माझा मुलगा हुशार होता, हे बाप म्हणून नव्हे, तर त्याची भाषा तपासणारा म्हणून लिहितो. त्याने दोन पाठ लिहिले: एक घनदाट अरण्यांचा, दुसरा ध्रुवाकडच्या बर्फाचा. दोन्ही डौलदार, दोन्ही ठिकाणी तो कधी गेलेला नव्हता. तिसऱ्या पाठाचे त्याने फक्त शीर्षक लिहिले, ‘पाणी’, आणि त्याखाली रेघ ओढली. मग त्याने अंथरूण धरले. त्या रेघेखालचे सारे तुझे आहे.

पुरावा देतो. नाल्याच्या पाण्याचा गढूळपणा मोजायचा होता आणि तुझ्या शाळेत उपकरण नव्हते. तू माझ्या बिस्किटांच्या डब्याचे झाकण पळवलेस, त्यावर काळे-पांढरे चतकोर रंगवलेस, मधोमध भोक पाडून दोरी ओवलीस, खाली दगड बांधलास आणि पुलावरून ते पाण्यात सोडलेस. झाकण दिसेनासे झाले, की दोरीला गाठ. मुले म्हणे ओरडायची, “मॅडम, आजोबांचं झाकण बुडालं!” माझी बिस्किटे मऊ पडली ती त्या उन्हाळ्यात, आणि तोवर माझा मुलगा जाऊन सहा महिने उलटले होते. गेलेली माणसे झाकणे पळवत नाहीत.

हवेच्या पाठाचेही तेच. पांढऱ्या पुठ्ठ्यांना मलम चोपडून तू एक माझ्या रस्त्याकडच्या खिडकीत टांगलास आणि दुसरा मागच्या दाराला. आठवडाभरात माझा पुठ्ठा काळाकुट्ट झाला. माझ्या खोलीची ही जाहीर बदनामी आहे, असे मी बजावले. तू वाद घातला नाहीस. माझी खाट मागच्या खोलीत हलवलीस. माझा खोकला त्यानंतर थांबला. आज तो पाठ तू ‘ह्यांचा’ म्हणतेस.

का म्हणतेस, तेही मला ठाऊक आहे. शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी ‘आयत्या बिळावर नागोबा’ म्हणाले आणि ते तुझ्या जिव्हारी लागले. ज्याने ते बीळ कधी पाहिले नाही, त्याच्या म्हणीची एवढी मातब्बरी नको. दुसरे कारण अधिक नाजूक आहे. संचावर त्याचे एकट्याचे नाव राहिले, तर तो आणखी थोडा इथे राहतो. हे मला समजते. त्याचे दोन पाठ मीही अधूनमधून वाचतो. त्यांत व्याकरणाच्या दोन चुका आहेत; त्या मी दुरुस्त केलेल्या नाहीत. परंतु न केलेल्या कामाचे श्रेय माथी मारले, की माणसाने केलेले कामही संशयास्पद होते. त्याचे दोन पाठ त्याला पुरे आहेत.

तिसरे कारण तू मसुद्यात लिहिलेले नाहीस. केंद्र दुसऱ्या शहरात आहे. परवा दारात तू शेजारणीला म्हणालीस, “बाबांना कुणावर टाकून जाऊ?” मला कमी ऐकू येते, असा तुझा समज आहे, तोही दुरुस्त करावा. माझी धाकटी बहीण पुढच्या महिन्यात इथे कायमची राहायला येत आहे. ती आमटीत मीठ जास्त घालते आणि माझे एक ऐकत नाही. तेव्हा आमचे उत्तम जमेल. तिला बोलावून घेतल्याचे तुला तोंडाने सांगितले असते, तर तू तिला नको म्हणून कळवले असतेस. म्हणून हे पत्र. तुझा मसुदा मी पाठवलेला नाही. खालच्या तारखा पाहून नवा लिही. या खेपेस तो माझ्या मेजावर ठेवू नकोस. थेट टपालात टाक.

तुझाच,
बाबा

दुरुस्त केलेल्या तारखा:

‘मार्चपर्यंत सर्व पाठ पूर्ण’: चूक. मार्चपर्यंत दोन.

त्याचे निधन, तुझ्या मसुद्यात ‘डिसेंबर’: चूक. १९ नोव्हेंबर. त्याला तू काही दिवस वाढवून दिलेस. ते आपल्या हाती नव्हते.

तिसरा ते अकरावा पाठ: पुढच्या वर्षीच्या मेपासून त्यानंतरच्या फेब्रुवारीपर्यंत. लेखिका, तू.

माझ्या बहिणीचे आगमन: २५ मे.

केंद्रात रुजू होण्याची तारीख, तुझ्या मसुद्यात ‘लागू नाही’: चूक. १ जून.