नाताळचे चौतीस पायमोजे

२१ नोव्हेंबर, सकाळी ९.४०

काल बोयंगच्या आईबरोबर कोर्टात जाऊन अर्ज दिला. आमच्या घटस्फोटाचा. दोघांच्या संमतीचा. कारकुनाने २३ डिसेंबर ही तारीख दिली. मधला महिना विचार करायला. म्हणजे खुद्द सरकारनेही हा अर्ज मनावर घेतलेला नाही.

महत्त्वाचं: २३ला दोघांनाही हजर राहावं लागतं. एक जण नसेल तर ३० तारीख. तेव्हाही नसेल तर अर्ज आपोआप रद्द. कागदावर स्पष्ट छापलंय. लाल पेनाने अधोरेखित केलं.

आता हे झालं कसं. मी सकाळी पेपर वाचत होतो. ती काहीतरी बोलली. मी पेपर खाली न करता 'बरं' म्हणालो. मला वाटलं, पडद्यांबद्दल असेल. दोन दिवसांनी कोट घालून तयार, म्हणे चला. एकतीस वर्षं हीटरच्या कारखान्यात विभागप्रमुख होतो, दिलेला शब्द फिरवायची सवय नाही. केली सही. तिलाही जरा अद्दल घडायला हवी.

सध्या ती बोयंगकडे आहे. बोयंग आमची मुलगी, बसने अर्ध्या तासावर राहते. एकच बॅग नेलीय. एका बॅगेवर कोणी कायमचं जात नाही.

२४ नोव्हेंबर

ठराव. यंदा नाताळची सजावट मी करणार.

कारण: तिला नाताळचं वेड. मी चर्चमध्ये जात नाही, झोप येते. ती दरवर्षी टीव्हीशेजारी झाड उभं करायची आणि मी दरवर्षी म्हणायचो, बातम्या दिसत नाहीत. आता घरात पाऊल टाकेल आणि बघते तर काय! बाई विरघळणारच. अर्ज खलास.

नियम: नवीन काहीही आणायचं नाही. सगळं जुन्यातून, टाकाऊतून. साधी रबरबँडही ती फेकत नाही, त्यामुळे हे तिला जास्त लागू पडेल. प्लॅन कागदावर काढला. सुंदर आलाय. पाच दिवसांचं काम.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

आमच्या सोसायटीत गुरुवारी कचरा वेगवेगळा करून खाली नेऊन ठेवायचा असतो. मी वर घेऊन आलो. कपडे वाळत घालायचा लाकडी स्टँड (एक पाय नाही), तारेचे हँगर, एक टेबललॅम्प.

वॉचमन ग्वाक म्हणाला, "प्यॉनसाहेब, लोक इथे टाकायला येतात. तुम्ही बाजारहाट करताय की काय?"

हसून सोडून दिलं. मग म्हणतो, "बाईसाहेब दिसल्या नाहीत बऱ्याच दिवसांत."

मुलीच्या मदतीला गेल्यात, असं सांगितलं. तो म्हणाला, "हो का? सहाव्या मजल्यावरचे साहेबही तीन वर्षं तेच सांगतायत."

आगाऊ माणूस.

३० नोव्हेंबर

किमची, म्हणजे हिवाळाभर पुरेल एवढं कोबीचं लोणचं, घालायचे दिवस. खात्री होती की येणार. किमचीचा अख्खा फ्रीज रिकामा असताना कुठल्या बाईला झोप लागते? दिवसभर दाराकडे कान. संध्याकाळी डबा आला, सात किलोचा. कुरिअरने.

यालाच म्हणतात चाळीस वर्षांचा संसार. तोंडाने काही बोलायची नाही, पण डबा बोलतो. बोयंगला फोन करून म्हटलं, तुझ्या आईला सांग, निरोप पोचला.

बोयंग म्हणाली, "बाबा, तो माझ्या सासूबाईंनी पाठवलाय."

तरी त्यांना पत्ता कोणीतरी दिलाच असेल ना.

४ डिसेंबर, दुपारी

पाच दिवसांच्या कामाचा अकरावा दिवस. झाड म्हणून घेतलेला स्टँड उभा राहत नाही. चौथ्या पायाच्या जागी भाताचं मोठं लाकडी उलथनं बांधलं, आता झाड थोडं डावीकडे बघतं. घंटांसाठी घरातल्या स्टीलच्या वाट्या घेतल्या, बुडाला भोकं पाडली. बारा वाट्या. आता सूप चहाच्या कपातून पितो.

या घरात एक वस्तू जागेवर नाही. कात्रीसाठी दोन तास गेले. शेवटी तिला फोन केला. उचलला नाही. बोयंगचा मेसेज आला: 'स्वयंपाकघर, तिसरा ड्रॉवर. आई म्हणते, वीस वर्षं तिथेच आहे.'

म्हणजे आमचं बोलणं सुरू आहे.

९ डिसेंबर

जॅकपॉट! चर्चवाल्यांचं जुन्या वस्तूंचं दुकान आहे, बाजाराच्या मागे. तिथे खोकंभर विणलेले पायमोजे मिळाले. अगदी इवलेसे, अंगठ्याएवढे, प्रत्येकाला वर टांगायला दोरा. लाल, पिवळे, करडे, एक भयानक जांभळा. चौतीस नग. प्रत्येकावर आकडा विणलेला, ८५पासून ९९, मग ००पासून १८पर्यंत. कारखान्यात आयुष्य गेलेला माणूस मी, लगेच ओळखलं. लॉट नंबर. १९ मात्र नव्हता. माल अपुरा.

काउंटरवरच्या बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "हे तुम्ही नेताय?"

मी म्हटलं, "हो. मी स्वतः."

"घरी?"

"मग कुठे?"

त्यांनी पैसेच घेतले नाहीत. खोकं दोन्ही हातांनी माझ्यापुढे केलं, डोळ्यांत पाणी. निवृत्त झालो तरी माणसाचा रुबाब लपत नाही.

१३ डिसेंबर

नुसते मोजे टांगण्यात काय कल्पकता? मी त्यांचे लॅम्पशेड केले. बोटांकडचा भाग कापायचा, आतून दिव्यांच्या माळेचा एकेक बल्ब घालायचा. प्रकाश लोकरीतून झिरपून येतो. झकास.

अडचण एकच, कापलं की उसवत जातात. पहिले सात तर हातातच संपले, नुसती लोकर उरली. मग कडांना गोंद लावला. विणणारीचं काम कच्चं. माझ्या विभागात असती तर पहिल्याच आठवड्यात बोलावून घेतली असती.

१६ डिसेंबर

बोयंगचा फोन. "बाबा, २३ला येणार ना?"

म्हटलं, बघू. हुकमाचा पत्ता असा सहजासहजी टाकायचा नसतो. मी गेलो नाही तर कोर्ट काय करणार? काही नाही. ३०लाही जाणार नाही. कायदा माझ्या बाजूने आहे.

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. सर्दी झालीय तिला, लहानपणापासून हिवाळा बाधतोच. मी म्हटलं, आईला म्हणावं, २०ला येऊन हिवाळ्याचा कोट तरी घेऊन जा. जरा वेळाने मेसेज आला: 'आम्ही दोघी येतो. शिलाई मशीनही न्यायचंय.'

आली जाळ्यात.

२० डिसेंबर, सकाळी १०.५०

सगळं तयार. सत्तावीस दिवे, बारा घंटा, दुधाच्या खोक्यांचे तारे. झाड डावीकडे झुकलंय, पण त्याला एक डौल आलाय. टीव्ही बंद. स्वतःहून. काय बोलायचं तेही ठरवलंय: 'जाऊ दे झालं गेलं, बोयंगची आई. भात टाक.'

२० डिसेंबर, दुपारी ३.३०

झालं तसं लिहून ठेवतो.

दोघी अकराला आल्या. तिने बूट काढले आणि पाहुणे ठेवतात तसे दाराकडे तोंड करून ठेवले. मी बटण दाबलं. पंचवीस दिवे लागले. ती झाडासमोर उभी राहिली. मला वाटलं, मारलं मैदान.

मग मीच बोलत सुटलो. स्टँड कचऱ्यातला, घंटा घरच्या, आणि हे मोजे चर्चच्या दुकानातले. कोणा बाईने टाकून दिले होते, मी त्यांचं सोनं केलं. हात काही फार सफाईदार नव्हता तिचा, पण घेतलं सांभाळून.

बोयंग म्हणाली, "बाबा, गप्प बसा हो."

"का? काय झालं?"

"माझा स्वेटर दरवर्षी लहान व्हायचा. आई तो उसवून त्याच्या लोकरीचा एक मोजा विणायची. पुढे मीच माझे जुने स्वेटर आणून द्यायचे. ८५ला मी जन्मले. चौतीस वर्षं, बाबा. दर नाताळला तुमच्या टीव्हीशेजारी लटकायचे ते."

मी विचारलं, "टीव्हीच्या कुठल्या बाजूला?"

मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

बोयंगच्या आईने ८५ काढला. आरपार बोट घातलं. मला वाटलं, आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं, ओरडण्यावर माझ्याकडे उत्तरं असतात. ती म्हणाली, "कात्री सापडली म्हणजे."

मग म्हणाली, "मीच देऊन टाकले होते. आता कुणी का कापेना." मोजा परत बल्बवर चढवला. अगदी नीट.

कोट घेतला. बोयंगने मशीन उचललं. मी ठरवलेलं वाक्य म्हणालो, निदान शेवटचे दोन शब्द. तिने ऐकलं नाही किंवा ऐकलं. दारात म्हणाली, "अहो, सोमवारी या. बाकी काही नको."

"आणि नाही आलो तर?"

"तर मी तीसला येऊन बसेन. तेव्हाही नाही आलात तर पुन्हा अर्ज करीन, पुन्हा महिना थांबेन. सहासष्टची आहे मी, बोयंगचे बाबा. किती महिने माझे अजून खर्च करणार आहात?"

चिडून नाही म्हणाली. बसचं वेळापत्रक विचारावं तसं विचारलं.

२१ डिसेंबर

ठराव. सत्तावीसही मोजे पूर्ववत करायचे. विणकामाचा व्हिडिओ पाहिला, सोपं आहे. दोन सुया लागतात. सुया मशीनच्या पेटीत होत्या.

२२ डिसेंबर, संध्याकाळी ५

कोमट पाण्याने गोंद निघतो का बघितलं. गोंद राहतो, लोकर निघते. आता एकवीस.

उद्या जायचं नाही. पक्कं. कायदा माझ्या बाजूने आहे.

२३ डिसेंबर, दुपारी १२.३०

सकाळी साडेसातपर्यंत जायचं नाही असंच ठरलेलं होतं. पण मी नसताना ती त्या बाकावर कोट घालून बसलीय, दर वेळी दार उघडलं की मान वर करतेय, हे डोळ्यांपुढून हलेना. मला फार लाज वाटली. कुणी बघत नसताना एवढी लाज वाटते, हे माहीत नव्हतं.

वीस मिनिटं आधी पोचलो. ती आधीच आलेली. मला पाहिलं आणि तिचे खांदे खाली आले. इतके दिवस ते वर होते, हे मला आजच कळलं.

कारकुनाने पुकारलं, "जो जंगइम." कोण बाई आहे म्हणून मी इकडे तिकडे बघितलं. ती उठली.

न्यायाधीशबाई वयाने बोयंगएवढ्या. विचारलं, "दोघांचाही विचार कायम आहे?" ती हो म्हणाली. मग माझी पाळी. मी हो म्हणालो. त्या म्हणाल्या, जरा मोठ्याने. मोठ्याने म्हणालो. तीन मिनिटांत बाहेर.

कोर्टाने दिलेला कागद तीन महिन्यांत वॉर्ड ऑफिसात द्यावा लागतो, नाहीतर सगळं रद्द. तीन महिने म्हणजे बराच अवधी आहे, असं मनात येतंय तोच ती म्हणाली की ऑफिस वाटेतच आहे, आत्ताच देऊन टाकते.

स्टॉपपर्यंत बरोबर चाललो. बस आली. पायरीवर पाय ठेवता ठेवता तिने सवयीने विचारलं, "जेवलात का?"

आणि आत जाऊन बसली. उत्तरासाठी थांबली नाही. मी 'नाही' म्हणेपर्यंत बस सुटली होती.