बारवीचा म्हणून पाठवलेला चिखल

पुणे, ४ ऑगस्ट २०२५

ती. वृंदाआत्यास, सा. न. वि. वि.

तू बारवी धरणावरून पाठवलेल्या चिखलातल्या जिवाणूने कमाल केली! त्याचं प्रथिन वेगळं करता आलं, चक्क लालभडक. आपल्या रक्ताला रंग देणारं, लोह असलेलं हीम यातही आहे, एका प्रथिनात चार-चार. हवा नसलेल्या चिखलात ते इलेक्ट्रॉन पुढे सरकवतं, त्यावर जिवाणू जगतो. कारखान्यांचं पाणी न शिवलेल्या जागी असा जिवाणू सापडला, हाच आमच्या लेखाचा मुद्दा. वीस तारखेला लेख जाईल. आभारात तुझं नाव आहे; आता सोसायटीत भाव खाशील!

गुडघा सांभाळ. मोठ्यांना नमस्कार.

तुझी भाची,
सुरुची

बदलापूर, ८ ऑगस्ट

चि. सुरुचीस, अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. फोनवर बोलवेना, म्हणून लिहिते. तो चिखल धरणाचा नाही.

धरणावर जायला रिक्षा ठरवली होती. पण त्याच दिवशी सूनबाईचं डोहाळजेवण, अकराला बायका येणार. सकाळी अंबरनाथला फुलं आणायला गेले, तिथेच कारखान्यांमागच्या नाल्यातून बाटली भरली. पाण्याखालचा चिखल, इथला काय नि तिथला काय, असं वाटलं. वर सुवाच्य अक्षरात ‘बारवी धरण’ लिहिलं!

एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. प्रयोग न करता वहीत आकडे भरणाऱ्या मुलींना वर्गाबाहेर उभं केलं. आणि मी हे केलं. अजून विश्वास बसत नाही.

लेख पाठवू नकोस. हे पत्र तुझ्या मार्गदर्शक सरांना जसंच्या तसं दाखव. क्षमा मागत नाही. तूही इतक्यात करू नकोस.

तुझी आत्या,
वृंदा

पुणे, १३ ऑगस्ट

ती. आत्यास, नमस्कार.

तू? दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर तूच त्याला सोलून काढलं असतंस. दोन दिवस जेवण गेलं नाही.

पत्र सरांपुढे ठेवलं. ते आधी हसले, थट्टा वाटली त्यांना. मग चष्मा लावून पत्र पुन्हा वाचलं. लेख थांबवला. प्रथिन खरं आहे, त्याचं काम खरं आहे. पण त्यावरून आम्ही जे म्हणत होतो ते सगळं गेलं. आता नाला आणि धरण, दोन्हीकडचे नमुने घेऊन पुन्हा पहिल्यापासून. वर्ष तरी जाईल.

पुढच्या शनिवारी येते. गुडघ्याची सबब चालणार नाही. नाल्यातली नेमकी जागा बोटाने दाखवायची. बाटलीला हात लावायचा नाही.

लोभ आहेच. राग गेला की कळवीन.

सुरुची