बँकवालीच्या गच्चीवरचं ऊन

३ फेब्रुवारी, दुपार
सूनबाईने हा फोन दिला. बोललं की लिहून घेतो, तारीखही आपली आपणच घालतो. मला अक्षर येत नाही. म्हणजे मी सांगितलेलं मलाच वाचता येणार नाही, मग दुसऱ्या कुणाच्या हाती काय लागणार? याहून पक्कं कुलूप नाही.
आजपासून खरं तेच सांगायचं. पहिलं खरं: शेजारच्या बँकवालीशी मला काहीही देणंघेणं नाही.

३ फेब्रुवारी, संध्याकाळ
बँकवाली म्हणजे पलीकडच्या गच्चीची मालकीण. बँकेतून निवृत्त झाली, नवरा नाही, चष्मा साखळीने गळ्यात टांगलेला. तिने गच्चीवर सोलरचं पॅनेल बसवलं. ते सूर्यफुलासारखं उन्हाबरोबर फिरलं तर वीज जास्त मिळते, असं कुणीतरी तिच्या डोक्यात भरवलं. फिरवून देणार कोण? आमचे हे. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली. दुकान बंद झाल्यापासून हात शिवशिवत होतेच. चिमटे, दातेरी चक्रं, जुन्या स्प्रिंगा पिशवीत भरून रोज तिकडे.
जावं. शेजारधर्म आहे. चारच्या चहाला घरी आलं की झालं.
चारला आले नाहीत. अंधार पडताना आले. चहा झाला म्हणाले.

५ फेब्रुवारी
आजही चहा तिकडेच. कसा असतो तिचा चहा, मी आपलं सहज विचारलं. पातळ, म्हणाले. मग पिता कशाला? तर म्हणे ती माहितीपुस्तिका वाचून दाखवते, मधेच उठून येणं बरं दिसत नाही. ह्यांना जवळचं बारीक अक्षर आता दिसत नाही. ती वाचते, हे मान डोलावतात. डोळेच लागत असतील तर घरात माझे आहेत की. सुईत दोरा अजून एका दमात ओवते. पण सुईवर काही लिहिलेलं नसतं.
ठराव: पुस्तिकेशिवाय सूर्यामागे फिरणारं पॅनेल मी करून दाखवणार. सूर्याने तरी कुठली पुस्तिका वाचली आहे?

७ फेब्रुवारी
सामान जमलं. वायरमनने एक कोपरा तडकलेलं जुनं पॅनेल दिलं. मुलाची ऑफिसची फिरती खुर्ची मोडून पडली होती, तिची पाठ काढली आणि पॅनेल कपड्यांच्या दोरीने बैठकीवर उभं बांधलं. वायरमनने एक छोटा पंखा जोडून दिला. पॅनेलचं तोंड उन्हाकडे असलं की पंखा गरगर फिरतो, तोंड फिरवलं की गप्प. काही माणसंही अशीच असतात. नाव घेत नाही.
आजी, हे आपोआप फिरणार कसं, वायरमनने विचारलं. गुपित आहे, म्हटलं. गुपित मलाही अजून कळलेलं नाही, पण कळेल.

९ फेब्रुवारी
कळलं. तांदूळ निवडताना.
दोन विटांवर टेकवलेला डबा, आत काठोकाठ तांदूळ, बुडाला भोक. तांदळावर जुनी लोखंडी इस्त्री ठेवायची. तांदूळ गळतील तशी इस्त्री खाली बसणार. इस्त्रीची दोरी कठड्यावरच्या कप्पीवरून खुर्चीच्या बैठकीला गुंडाळलेली. इस्त्री बसली की खुर्ची वळली. सकाळी पूर्वेला, संध्याकाळी पश्चिमेला. ह्यांना चक्रं लागतात, मला डबाभर तांदूळ पुरतात.
भोक किती मोठं? अंदाजाने. माझा अंदाज चुकत नाही. गल्लीतल्या सगळ्या बायकांचे ब्लाउज मी टेप न लावता शिवले. काही घट्ट झाले, पण त्या बायकाच मागून सुटल्या.

११ फेब्रुवारी, सकाळ
चालू झालं. तांदळाची बारीक धार. खुर्ची वळताना दिसत नाही, म्हणजे वळत असणार. नखं वाढताना कुठे दिसतात?

११ फेब्रुवारी, तासाभराने
भाजी टाकायला खाली गेले, परत येते तो सूर्य पूर्वेला आणि पॅनेल पश्चिमेला. कबुतरं. खाली पडलेले तांदूळ तर खाल्लेच, वर भोकात चोची खुपसून खुपसून डब्यातलेही ओढून काढले. मेल्यांनी न्याहारीच्या वेळेलाच दिवस मावळवला. बँकवालीने पलीकडून हात हलवला, छान चाललंय हो, म्हणाली. खवचट.
यंत्रात खोट नाही. यंत्र बरोबर चाललं. कबुतरं चुकली.

१२ फेब्रुवारी
तांदळाचा डबा रिकामा कसा, सूनबाईने विचारलं. उंदीर, म्हटलं. हे काही खोटं नाही. कबुतर म्हणजे पंख फुटलेला उंदीरच.

१४ फेब्रुवारी
तात्पुरता उपाय. दोरी हातात धरून मीच बसते, सूर्य सरकेल तशी ओढते. दिवसभर गच्चीवर. लोकांना वाटेल मी पलीकडे बघते. तसं नाही. डोळे उघडे असले की पलीकडचं दिसतं, त्याला मी काय करू?
आज दिसलं ते असं. ह्यांनी तिच्या पॅनेलच्या चौकटीवर एक खिळा सरळ उभा बसवला. खिळ्याची सावली नाहीशी झाली की पॅनेल नेमकं सूर्यासमोर आलं, अशी युक्ती. बोट दाखवून दाखवून तिला समजावत होते. मला उभ्या संसारात कधी इतकं समजावलं नाही. समजावलं असतं तर मी ऐकलं नसतं, ते वेगळं. समजावायला काय झालं होतं?

१५ फेब्रुवारी
ह्यांनी तिकडून ओरडून विचारलं, तुझं पॅनेल उत्तरेला का बघतंय, उत्तरेला कधी सूर्य गेलाय का?
बँकवालीची गच्ची उत्तरेला आहे.
वाऱ्याने फिरलं असेल, मी ओरडून सांगितलं. वारा नव्हता. दोरीला सवय लागली असणार.

१८ फेब्रुवारी
बँकवाली घरी आली. हे औषधं आणायला गेलेत ते बघून आली. मी पदर खोचला. काय काय सुनवायचं ते तोंडपाठ होतं.
तिने बसून चष्मा पुसला आणि म्हणाली, वहिनी, तुमच्या मिस्टरांना आवरा हो. दुपारी जरा पडावं म्हटलं की उठवतात, या लवकर, सावली गेली बघा. मला काय करायचीय सावली? दिवे लागल्याशी मतलब, ते पॅनेल न फिरताही लागत होते. पुस्तिका पुन्हा पुन्हा वाचून घसा बसला. अजून एकदा वाचा म्हणाले तर मी बहिणीकडे निघून जाईन.
चहा देऊ नका, मी सुचवलं. मुद्दाम पातळ करते, म्हणाली, तरी पितात.
मला तिची कीव आली. ती गेल्यावर राग आला. आमच्या ह्यांच्यात असं काय वाईट आहे म्हणून हिला नकोसे झाले?

१९ फेब्रुवारी
बँकवाली येऊन गेली हे ह्यांना सांगितलं नाही. माझं यंत्र कबुतरांनी बिघडवलंय, जरा बघता का, एवढंच म्हटलं. वर आले. डबा उचलून भोकात करंगळी घातली. मग विचारलं, ही कल्पना कुणाची? माझी, म्हटलं. तांदूळ नको, म्हणाले, चाळलेली कोरडी वाळू घाल, भोक बारीक कर. बाकी सगळं बरोबर आहे.
बाकी सगळं बरोबर आहे. हे त्यांनी स्वतःहून म्हटलं, मी वदवून घेतलं नाही.
लगेच जाऊन तिकडून पिशवी घेऊन आले. मी जिंकले. उद्या चारचा चहा घरी. चांगले कप काढून ठेवले.

२० फेब्रुवारी
चारला चहा घेऊन वर गेले. ह्यांनी आमच्याही पॅनेलवर खिळा उभा केला होता, त्याच्याकडे बघत होते. ठेव तिथे, म्हणाले. अंधार पडल्यावर कप उचलला, तर त्यात चिलट.

२२ फेब्रुवारी
वाळू छान गळते, खुर्ची छान वळते, पंखा दिवसभर फिरतो. हे दिवसभर खिळ्यासमोर. आता बोट दाखवून मला समजावतात. सावली गेली बघ. बघितली. पुन्हा गेली बघ. पुन्हा बघितली. पुढच्या वेळी माझा डोळा लागला होता, तर हलवून उठवलं.
बँकवाली पलीकडे पंख्याखाली खुशाल घोरत होती. मला तिचा हेवा वगैरे काही वाटत नाही.

२५ फेब्रुवारी
एक गोष्ट लक्षात आली. खिळा बघायचा तर पॅनेलच्या तोंडासमोर यावं लागतं. म्हणून हे सकाळी गच्चीच्या पूर्व कडेला असतात, आणि पॅनेल वळेल तसे सरकत सरकत उन्हं उतरताना पश्चिमेच्या कठड्याशी येतात.
मी माझं स्टूल पश्चिमेच्या कठड्याशी हलवलं आहे. तिकडे वारा बरा असतो म्हणून. पाठ भाजून निघते, पण वारा बरा असतो.
चारचा चहाही जरा उशिरा करते. आज सूर्याने ह्यांना अगदी वेळेवर माझ्याजवळ आणून सोडलं. चहा मुद्दाम पातळ केला होता, बँकवाली करते तसा. एका दमात प्यायले. कसा झाला, मी विचारलं.
कुठला चहा, म्हणाले.
रिकामा कप हातातच होता.