सहावीच्या वर्गाने केलेलं माझं निरीक्षण

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (कागदावरच, कंबर आता तेवढी वाकत नाही). तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचा खोकला थांबला, की अजून सगळ्या घराला उठवतो? मी इकडे उत्तम आहे. म्हणजे आहे तसा आहे. चौदा महिन्यांनी पत्र पाहून तुला वाटेल, हा आज कुठून उगवला! पण अबोला मी धरला होता, तेव्हा तो सोडायचा अधिकारही माझाच. तुझ्या मुलाच्या लग्नात नवरदेव समजून मी फोटोवाल्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि 'सुखाचा संसार करा' म्हणालो, हे कबूल. पण म्हणून तू सगळ्या व्याह्यांसमोर 'अरे, डोळ्यांचं ऑपरेशन करून घे एकदाचं!' असं ओरडायची काही गरज नव्हती. फोटोवालाही कुणाचा तरी मुलगाच, आशीर्वाद काही वाया गेला नाही. मी न जेवता निघालो आणि भलत्याच बसमध्ये बसलो (पाटी दिसली नाही म्हणून नव्हे, रागात होतो म्हणून).

तर आता कान देऊन ऐक. या वर्षी मला सहावीचा वर्ग असा काही मिळाला आहे की काय सांगू! भूगोलाच्या वह्यांतलं अक्षर पाहावं तर बोटाच्या पेराएवढं, काळंभोर, ओळ सोडून. उत्तर द्यायला उठलं पोर की आधी स्वतःचं नाव सांगतं. जिन्यात कुणी ना कुणी येऊन म्हणतं, सर, मला जिन्याची भीती वाटते, तुमचा हात धरू का? (आजकालची मुलं भित्री, म्हटलं धर बाबा.) शिक्षकांच्या खोलीत मी महिनाभर छाती फुगवून सांगत होतो की बत्तीस वर्षांच्या शिस्तीचं हे फळ. बाकीचे माना डोलवत होते. आता कळतंय की ते हसू दाबत होते.

आमच्याकडे विज्ञानाला एक नवीन बाई आल्या आहेत. वयाने माझ्या निम्म्या, आणि एक विचित्र खोड अशी की पोरांनी काहीही विचारलं तरी 'गप्प बस' म्हणत नाहीत. मला आधी वाटलं, वर्ग डोक्यावर बसणार. त्यांनी सहावीला काम दिलं: चौघाचौघांनी गट करायचा, एखादी गोष्ट महिनाभर बघायची आणि वहीत लिहायची. अट एवढीच की जिला बघाल तिला त्रास होता कामा नये, आणि जमलं तर शेवटी तिचं काही भलं व्हावं. कुणी मुंग्या घेतल्या, कुणी गळका नळ, एका गटाने आमच्या शिपायाची दुपारची झोप घेतली (भलं म्हणून त्याला उशी आणून दिली, आता तो उठतच नाही). पर्यवेक्षक म्हणून वह्यांवर सही माझी. सगळ्यांत वरच्या वहीवर लिहिलं होतं, 'निरीक्षणाचा विषय: भूगोलाचे सर.'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली! पण अक्षर एवढं मोठं की वाचल्याशिवाय राहवेना. दिवस पहिला: सर मागच्या बाकाजवळच्या झाडूला 'सरळ उभा राहा' म्हणाले. दिवस चौथा: सरांनी वही नाकाला लावून तपासली, आपण मोठं अक्षर काढून पाहू. दिवस पाचवा: मोठं अक्षर जमलं, सर खूश. दिवस नववा: नकाशा चुकून उलटा टांगला गेला. सरांनी तास संपेपर्यंत शिकवलं. सगळी शहरं सरांच्या मनात बरोबर होती, छडी मात्र समुद्रात होती. कुणी हसलं नाही. उद्यापासून एकाने तासाआधी नकाशा बघायचा. दिवस तेरावा: सर जिन्याची शेवटची पायरी चुकतात. 'हात धरा' म्हटलं तर रागावतील, म्हणून आपणच घाबरतो असं सांगायचं. (ताई, हे वाचताना मी खुर्चीत चक्क लहान होत गेलो.) शेवटच्या पानावर निष्कर्ष होता: 'सरांना कमी दिसतं, तरी सरांना एवढं येतं. नीट दिसलं तर आणखी काय काय येईल, हे आम्हाला बघायचं आहे.'

रडलो की नाही ते विचारू नकोस. तोंड धुतलं आणि वर्गावर गेलो. या गटाची म्होरकी एक मुलगी आहे, तिला मी शंकेखोर म्हणतो, कारण पृथ्वी गोल आहे म्हटलं तर ही विचारते, वरून कुणी बघितली? तिला म्हटलं, अगं, मला सांगायचं नाहीस का? ती म्हणाली, सर, तुम्ही सांगायची वाट बघत होतो. मग मी सांगून टाकलं. मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत, दोन वर्षं लपवतोय. कळलं तर वर्ग काढून घेतील आणि निवृत्तीपर्यंत ऑफिसात बसवतील, हे भय. घरी गेल्यावर बोलायला कुणी नाही, माझी बडबड ऐकणारी हीच अडतीस माणसं. मला वाटलं, आता कीव करतील. कसली कीव! हातच हात वर. धुकं दिसतं की धूर? पिवळा रंग कसा दिसतो? सर, स्वप्नात तरी नीट दिसतं का? ताई, हे मला आजवर कुणीच विचारलं नव्हतं. मीही स्वतःला विचारलं नव्हतं. स्वप्नात मला लख्ख दिसतं गं. भूगोल राहिला बाजूला, तासभर माझ्या डोळ्यांचाच धडा झाला. बाईंना जाऊन म्हटलं, मी पोरांना बत्तीस वर्षं गप्प बसवलं, तुम्ही चार महिन्यांत बघायला शिकवलंत. त्या म्हणाल्या, नाही हो, त्यांना तुम्ही आवडता, म्हणून बघितलं. मुख्याध्यापिकांनाही सांगून आलो. वर्ग माझाच राहणार आहे, बरा होऊन येईपर्यंत नकाशा सरळ ठेवायची जबाबदारी सहावीने घेतली आहे.

भाऊजींना नमस्कार, नव्या सूनबाईंना आशीर्वाद (या वेळी माणूस बरोबर).

तुझा धाकटा

ता.क. ऑपरेशन येत्या गुरुवारी सकाळी नऊ वाजता आहे. मला कसलीही भीती नाही. पण हॉस्पिटलचा नियम आहे म्हणे, घरचं एक माणूस बाहेर बसायला लागतं. नुसती औपचारिकता. तुला दुसरं काही काम नसेल तर बघ. नाही आलीस तरी चालेल.

ता.क. दुसरा. अक्षर एवढं सुबक कसं, अशी शंका तुला आली असेलच. मी सांगतोय आणि शंकेखोर लिहितेय. सांगेन तेवढंच लिहायचं, असं तिला बजावलं आहे.

आजी, नमस्कार. सर पाकीट आणायला ऑफिसात गेले आहेत, म्हणून घाईत लिहिते. सरांनी सांगितलं ते सगळं मी तसंच लिहिलं. फक्त सहीच्या वर एक वाक्य सांगून मग ते खोडायला लावलं, जाड रेघ मार म्हणाले. मी बारीक मारली आहे. सरांना ते कळणार नाही, तुम्हाला वाचता येईल. नाहीच आलं तर ते असं आहे: 'ताई, मला फार भीती वाटते गं, तू ये.'