डी ड्राइव्हसुद्धा

केतकी,

कॉम्प्युटर बंद करू नकोस, सीडीवरून विंडोज नव्याने चढतंय. मी फक्त सी ड्राइव्ह पुसणार होतो. तेवढ्यात ऑफिसातून बाबांचा फोन आला, "बेटा, डी मत मिटाना, उसमें मेरी फाइलें हैं. साहब लोग देखने आ रहे हैं."

तरी मी सगळी पार्टिशन्स उडवली. तुझा प्रोजेक्टही डीवरच होता, सॉरी यार. कोणी आलं तर सांग, दादाने चुकून पुसलं. आईला काही बोलू नकोस. मी मुनिरक्याच्या स्टॉपवरून बसने बाबांच्या ऑफिसात चाललोय.

बाबा आपल्याशी जन्मात कधी हिंदीत बोललेले नाहीत. त्यांच्या शेजारी कोणीतरी उभं असणार, ते हिंदी त्यालाच ऐकवायला होतं. पुन्हा फोन आला, तर तू मराठीतच विचार, जेवायला घरी येताय ना?

दादा