दोन घास दाण्याच्या कुटाचे

रविवार, दिवेलागणी

घाटंजीला नणंदेनं गौरीला वांग्याची भाजी वाढली, दाण्याचं कूट घातलेली. दोन घास पोटात गेल्यावर कळलं. मागं दाण्यानंच ओठ सुजून लेकीचा श्वास अडकला होता; तेव्हापासून तिला दर महिन्याला इंजेक्शन चालू आहे. दवाखान्यात पोचेपर्यंत तिच्या ओठांकडेच बघत होते. जरा खाज आली, पण सूज नाही.

डॉक्टर म्हणाले, "तिच्या रक्तातली काही प्रतिपिंडं दाण्याला शत्रू समजून शरीराला भडकवतात. दर महिन्याच्या इंजेक्शनातली प्रतिपिंडं त्यांना आधीच पकडून ठेवतात. म्हणून निभावलं. पण दाणे वर्ज्यच."

नणंद रडत होती. "वहिनी, ध्यानातच नाही राह्यलं मले." मीच तिला जवळ घेतलं.

गौरीनं हळूच विचारलं, "आई, दाण्याची भाजी इतकी मस्त लागते काय वं?"

नुसतं हो म्हणाले.